उघड्या गाडीचं छप्पर

छपराची सगळ्यात जास्त काळजी कोण करतं, असं मला कोणी विचारलं तर मी कोकणातल्या कौलारू घराच्या मालकाचं नाव घेणार नाही. तो बिचारा आगोटीच्या आधी एकदा वर चढतो, फुटकी कौलं बदलतो, उतरताना शिडीच्या नावाने दोन शब्द बोलतो आणि मोकळा होतो. आषाढात एखादी धार लागलीच तर तिच्याखाली पातेलं सरकवून कुशीवर वळतो. बारा महिने तेरा काळ छपराचाच ध्यास घेतलेला माणूस वेगळा. छप्पर उघडता येतं म्हणून ज्याने गाडी घेतली, तो.

असा एक माणूस आमच्या घरात निपजला आहे. चिरंजीव मँचेस्टरला असतात. नोकरी बरी आहे, घराचे हप्ते वेळेवर जातात, गणपतीत ते मराठी मंडळाच्या पथकात ताशा बडवतात. तक्रारीला जागा नव्हती. मग एका उन्हाळ्यात त्यांनी कापडी छपराची, दोनच माणसं बसतील अशी, वयाने बऱ्यापैकी प्रौढ गाडी घेतली आणि फोनवर जाहीर केलं, "बाबा, कन्व्हर्टिबल घेतली. सॉफ्ट टॉप!" स्पीकरवर ऐकत असलेली आमची ही म्हणाली, "कापडाचं छप्पर? म्हणजे रिक्षा घेतलीस का रे?" पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. रेंज गेली असेल असं मी तिला सांगितलं.

गळतीबद्दल बोलायचा मला अधिकार आहे. ठाण्याच्या आमच्या सोसायटीचा मी बरीच वर्षं सेक्रेटरी होतो. सेक्रेटरीला हिशेब जमला नाही तर ऑडिटर सांभाळून घेतो, कायदा कळला नाही तर रजिस्ट्रारचं पत्र येतं. पण गळती कळली नाही तर वरच्या मजल्यावरच्या वहिनी रात्री अकरा वाजता ओली उशी हातात घेऊन दारात उभ्या राहतात. गच्चीवर आम्ही काय काय नाही केलं! आधी ब्रिकबॅट कोबा. मग त्यावर केमिकल. मग केमिकल खरवडून डांबरी मेम्ब्रेन. प्रत्येक नवा कंत्राटदार आला की उकिडवा बसून कोब्यावर टकटक करायचा, आधीच्याने कसं वाटोळं केलंय ते सांगायचा आणि दहा वर्षांची गॅरंटी लिहून द्यायचा. गॅरंटी खरोखरच टिकाऊ होत्या, फाइलमध्ये अजून आहेत. कंत्राटदारांचे फोन नंबर तेवढे दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत टिकले नाहीत.

एवढी शिदोरी घेऊन मी मँचेस्टरला उतरलो तेव्हा तिथल्या पावसाची मला काडीची भीती नव्हती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. मँचेस्टरला सबंध वर्षाची सरासरी ८०० ते ९०० मिलिमीटर. त्यांचं अख्खं वर्ष आपण एका दिवसात उरकलं होतं, तेही लोकल बंद असताना. पण दोन्ही पावसांची जात निराळी. आपला पाऊस चार महिन्यांत काय ती तोडफोड करून जातो आणि पुढचे आठ महिने छपराला वाळू देतो. मँचेस्टरचा पाऊस वर्षातले १५० च्या आसपास दिवस कामावर हजर असतो. जोर लावत नाही आणि रजाही टाकत नाही. छत्री उघडली की थांबतो, मिटली की चष्म्यावर येऊन बसतो. गच्चीचा वैरी आपला पाऊस. कापडाचा वैरी हा. कारण त्याच्यात कापड धड वाळतच नाही, आणि न वाळलेल्या कापडावर हिरवी झाक चढायला लागते. चिरंजिवांच्या गाडीच्या काचेला जिथे रबराची पट्टी भिडते तिथे शेवाळाची छोटी छोटी कुरणं मी स्वतः पाहिली. आमची ही म्हणाली, थोडी मेथी पण टाकून बघ.

अशा गावात उघडी गाडी कोण घेईल? पण तिथलेच लोक घेतात, आणि हौसेने घेतात. ज्याला ऊन रोज फुकट मिळतं त्याला ते डोक्यावर घ्यायला मोटार लागत नाही. मे महिन्यात नागपुरात छप्पर उघडून कोणी निघाला तर लोक त्याला सावलीत निजवून नाकाला कांदा लावतील. मँचेस्टरला ऊन पडलं की पाच मिनिटांत गल्लीतली झाडून सारी कापडी छपरं मागे दुमडतात. मफलर गुंडाळलेले, कानटोप्या घातलेले आजी-आजोबा पायाशी हीटर लावून, नाकं लाल करून, बोडक्या गाडीतून ऊन खायला निघतात. पाऊस आला तरी पटकन थांबत नाहीत. गाडी वेगात असली की समोरच्या काचेवरून वारा उसळून जातो आणि हलक्या सरी त्याच्याबरोबर डोक्यावरून मागे निघून जातात. त्यामुळे पाऊस आला की हे लोक वेग वाढवतात. खरी परीक्षा सिग्नलला. समोर लाल दिवा, वर पाऊस, शेजारच्या बसमधून टक लावून बघणारे प्रवासी आणि खाली ताठ मानेने, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने भिजणारं जोडपं. इंग्रजांनी आपल्यावर एवढी वर्षं राज्य कसं केलं हे मला त्या सिग्नलला समजलं.

आपल्याकडे उलटा कारभार. तिकडे पाऊस आला की हूड चढवतात. आपल्याकडे पाऊस आला की काढतात. जुलैतल्या रविवारी ताम्हिणी घाटात जाऊन बघा. हूड काढलेल्या थारमध्ये उभी राहून मुलं धबधब्याकडे तोंड करून ओरडत असतात. त्यांना कोरडं राहायचंच नसतं. सिनेमानेही आपली दिशाभूल केली आहे. 'आराधना' १९६९ सालचा. दार्जिलिंगच्या छोट्या आगगाडीला समांतर राजेश खन्नाची उघडी जीप धावते, सगळा देश मान डोलावतो. पण त्या जीपचं हूड कुठे ठेवलं होतं आणि दार्जिलिंगसारख्या ठिकाणी पाऊस आला असता तर शर्मिला टागोर आगगाडीत कोरडी आणि हा बाहेर भिजतोय, असं किती वेळ चाललं असतं, हे एकाही प्रेक्षकाने विचारलं नाही. आमच्या सोसायटीच्या सभेत विचारलं असतं.

खरं म्हणजे छप्पर ही मोटारीत मागाहून आलेली गोष्ट. पहिल्या मोटारी बग्गीच्या वंशातल्या, म्हणून उघड्या. मुंबईची व्हिक्टोरिया आठवा, मागे दुमडणारा काळा टप आणि पुढे घोडा. मोटारीत घोडा गेला, टप राहिला. १९१९ च्या सुमारास अमेरिकेत दहातल्या नऊ मोटारी उघड्या असत. पुढच्या दहा वर्षांत गणित बरोबर उलटं झालं. त्या बंद गाड्यांच्याही डोक्यावर सबंध पत्रा नसायचा. एवढा रुंद पत्रा एका दाबात काढायची सोयच नव्हती, म्हणून मधला चौकोन कापडी, वरून रोगण फासलेला. ते रोगण अधूनमधून पुन्हा फासणं हे मोटार बाळगणाऱ्याचं नेहमीचं काम होतं. जनरल मोटर्सने १९३५ च्या गाड्यांना अखंड पोलादी टप दिला तेव्हा कुठे ही पीडा टळली. म्हणजे पहिली मोटार आल्यापासून जवळपास पन्नास वर्षं खपून माणसाने डोक्यावर पोलाद आणलं, आणि आता ते काढून दिल्याबद्दल कंपन्या वर जास्त पैसे घेतात. तीच गाडी छपरासकट स्वस्त, छपराविना महाग! हा दर आमच्या बिल्डरला कळला असता तर त्याने गच्चीखालचे फ्लॅट सोन्याच्या भावाने विकले असते.

हौसेला कुठे कुठे धुमारे फुटतात त्याचाही एक किस्सा आहे. १९७६ साली कॅडिलॅकने अमेरिकेत 'ही शेवटची कन्व्हर्टिबल' असा गाजावाजा करून एल्डोराडो विकली. पुढे सोन्याचा भाव येईल म्हणून काहींनी त्या घेऊन नुसत्या झाकून ठेवल्या. काही वर्षांनी कंपनीने पुन्हा कन्व्हर्टिबल काढली तेव्हा ही मंडळी कोर्टात गेली. छप्पर गळतं ही तक्रार नव्हती. तसली दुसरी मिळायला लागली, ही तक्रार होती.

आता कापडाकडे येतो, कारण माझी खरी गोडी तिथे. वरून एकच दिसणाऱ्या त्या कापडात असतात तीन थर. वर विणलेलं ॲक्रिलिक, खाली अस्तर आणि मधे रबराचा पातळ पापुद्रा. पाणी अडवतो तो मधला रबर. वरचा थर ऊन खातो, रंग दाखवतो आणि सगळं श्रेय घेतो. मधल्याने राबायचं आणि वरच्याने मिरवायचं ही रचना कमिटीत काम केलेल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. मला नवल वाटलं ते या युक्तीचं मूळ मँचेस्टरातच निघालं याचं. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ साली पेटंट घेतलं. गॅसच्या कारखान्यात दगडी कोळशाचं डांबर उरायचं, त्यातून नॅफ्था निघायचा, त्यात रबर विरघळवून ते दोन कापडांच्या मधे थापायचं. पुढे कारखाना काढला तो मँचेस्टरला. गिरण्यांचं कापड तिथे आणि गिऱ्हाईक घडवणारा पाऊसही तिथे. त्याचे पहिले रेनकोट थंडीत ताठ व्हायचे, उन्हात चिकट व्हायचे आणि सर्व ऋतूंत घाण वास मारायचे. रबरात गंधक घालून तापवायची रीत निघाली, अमेरिकेत चार्ल्स गुडइयरने १८४४ साली तिचं पेटंट घेतलं, तेव्हा कुठे भिजणाऱ्या माणसाशेजारी दुसऱ्या माणसाला उभं राहता येऊ लागलं. आपला धनगर त्याच्या कितीतरी आधीपासून लोकरीची घोंगडी डोक्यावर घेऊन पावसात उभा आहे. त्याने पेटंट घेतलं नाही. वास मात्र त्याच्याही घोंगडीला येतो.

मग रबर जर पाणी अडवतंच आहे, तर चिरंजीव बाटल्या कसल्या आणतात? हाच प्रश्न मी पहिल्या दिवशी टाकला. उत्तर असं की बाटलीतल्या औषधाने छप्पर वॉटरप्रूफ होत नाही, ते मुळातच असतं. औषध वरच्या कापडाने पाणी पिऊ नये एवढ्यासाठी. पाणी प्यायलेलं कापड जड होतं, मळ धरतं, हिरवं पडतं आणि शिवणींच्या बारीक भोकांशी पाणी ताटकळत ठेवतं. पाण्याने वर थांबताच कामा नये. अळवाच्या पानावर कसं ते गोळी होऊन घरंगळतं, तसं. हे अळूचं आणि कमळाचं गुपित जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ व्हिल्हेल्म बार्थलॉट यांनी सूक्ष्मदर्शकाखाली उलगडलं. पानावर अगदी बारीक उंचवटे असतात, त्यांवर मेणाचे कण असतात, आणि थेंबाला टेकायला जागाच मिळत नाही. १९९७ साली त्यांचा त्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. आमच्या हिला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "अळूवडीला बेसन चिकटत नाही म्हणून मी चिंचेचा कोळ लावते. मला कोणी विचारलं नाही."

औषधांत दोन पंथ आहेत, सिलिकॉनवाले आणि फ्लोरोवाले. पलीकडच्या घरातले पेन्शनर साहेब कट्टर फ्लोरोपंथी, चिरंजिवांचे ऑफिसातले मित्र सिलिकॉनपंथी, आणि दोन्ही पंथ एकमेकांच्या छपरांकडे ज्या नजरेने बघतात ती मी पंढरपूरच्या वाटेवर कधी पाहिली नाही. फ्लोरोवाल्यांच्या जुन्या, लांब साखळीच्या रसायनांवर युरोपात आता बंदी आहे, कारण ती निसर्गात पिढ्यान्‌पिढ्या विरत नाहीत. नद्यांत सापडतात, माशांत सापडतात, माणसाच्या रक्तात सापडतात. ही अमर द्रव्यं गाडीच्या छपरावर मात्र फार तर वर्षभर टिकायची. आमच्या कंत्राटदारांच्या हाती ती कशी लागली नाहीत याचं आश्चर्य वाटतं.

बाटलीमागच्या सूचना मी चष्मा पुसून दोनदा वाचल्या. आधी मऊ ब्रशने कोरडी धूळ झाडायची. मग क्लीनर लावून हलक्या हाताने फेस काढायचा. भांड्यांचा साबण चालणार नाही. तो कापडात बसून राहतो आणि पुढच्या पावसाला आत बोलावतो. जोराच्या फवाऱ्याचा पंप जवळ न्यायचा नाही, शिवणींना धक्का लागतो. भरपूर पाण्याने धुवायचं, मग पूर्ण वाळू द्यायचं. वरून हात लावून कोरडं वाटलं तरी आतून वाळलेलं नसतं. काचा आणि पत्रा टेप लावून कागदाने झाकायचा, कारण औषधाचे शिंतोडे काचेवर वाळले की पुढे वायपर कुरकुरत बसतो. मग ब्रशने एक हात द्यायचा, त्यावर दुसरा. थंडी फार नको, कडक ऊन नको. आणि मग शेवटची ओळ: नंतर चोवीस तास पाऊस लागता कामा नये.

धुऊन वाळायला एक दिवस आणि लावून वाळायला एक दिवस. सलग दोन कोरडे दिवस, तेही शनिवार-रविवारच, मँचेस्टरला! मुलीच्या लग्नाला आम्हाला याहून लवकर मुहूर्त मिळाला होता. घरातल्या प्रत्येक फोनमध्ये हवामानाची वेगवेगळी ॲप होती आणि प्रत्येक ॲपचं म्हणणं वेगळं. सूनबाई रोज सकाळी चहा ओतताना टक्केवारी वाचून दाखवायच्या, "बाबा, शनिवारी चाळीस टक्के, रविवारी पस्तीस." आम्ही मान हलवायचो. मी एकदा साधा उपाय सुचवला, "गाडी गॅरेजमध्ये घे ना." तेव्हा कळलं की इंग्लंडमध्ये गॅरेजचा आणि गाडीचा काही संबंध नसतो. चिरंजिवांच्या गॅरेजमध्ये शिडी होती, गवत कापायचं यंत्र होतं, नातवाच्या लहानपणीचा पाळणा होता, रंगाचे अर्धे डबे होते आणि मंडळाच्या गणपतीचं मखर होतं. या सगळ्या वस्तू कोरड्या होत्या. पावसात फक्त गाडी होती.

पलीकडच्या पेन्शनर साहेबांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांच्याकडे साठीच्या दशकातली इंग्रजी बनावटीची दोन आसनी गाडी. तिचं छप्पर ओढून घेता येत नाही, ते बांधावं लागतं. आधी डिकीतून नळ्यांचा सांगाडा काढायचा, तो खाचांत उभा करायचा, त्यावर कापड ताणायचं, मग चारी बाजूंनी टिचबटणं लावायची. थंडीत कापड आक्रसतं, म्हणून शेवटचं टिचबटण कधीच पोचत नाही. एकदा भुरभुर सुरू झाल्यावर त्यांना हे करताना मी खिडकीतून बघत होतो. बाईसाहेब आत बसून सूचना देत होत्या. छप्पर चढलं तेव्हा पाऊस थांबला होता आणि गाडीच्या आतलं पाणी छान झाकलं गेलं होतं. साहेबांनी माझ्याकडे बघून हात केला. चेहऱ्यावर असं समाधान की मला आमच्या पहिल्या कोब्याचा दिवस आठवला.

अखेर कोरडा शनिवार उगवला. चिरंजिवांनी धुतलं, घासलं, वाळवलं. रविवारी टेप चिकटवायला मी होतो, कारण कडा सरळ यायला संयम लागतो आणि तो पेन्शनीबरोबरच येतो. ब्रश त्यांनी माझ्या हाती दिला नाही. दोन्ही हात देऊन झाले, कोणी शिंकलं तरी सगळे आकाशाकडे बघायचे, असा तो दिवस गेला आणि दुसऱ्या संध्याकाळी परीक्षा ठरली. आमच्याकडे गच्चीचं काम झालं की चारी बाजूंनी बांध घालून पाणी भरून ठेवतात आणि खालचा माणूस छताकडे बघत बसतो. तसं इथेही करू म्हटलं तर चिरंजीव हात जोडून म्हणाले, "बाबा, गाडी आहे ती." मग झाडांना पाणी घालायची झारी आली. पाणी पडलं आणि खरोखरच गोळ्या गोळ्या होऊन घरंगळलं. सूनबाईंनी व्हिडिओ काढला. साहेब कुंपणावरून टाळ्या वाजवून गेले. चिरंजीव त्या थेंबांकडे ज्या मायेने बघत होते त्या मायेने त्यांनी बारावीचा निकालही पाहिला नव्हता. ठाण्याला फोन करून मामांना दाखवण्यात आलं. मामांना वाटलं गाडीवर गारा पडल्या.

आमची ही तेवढ्यात सहज म्हणून गाडीत जाऊन बसली आणि दार उघडून बाहेर आली. म्हणाली, "वर मोती झालेत ते ठीक. पण खाली माझे मोजे का ओले झाले?"

पायाखालची मॅट उचलली. खाली डबकं. वरचं छप्पर कोरडं ठणठणीत आणि सीटमागे हात घातला तर गालिचा निथळतोय. चिरंजीव मटकन बसले, तेही ओल्या सीटवर. लगेच तिसरा हात द्यायची भाषा सुरू झाली. तिथे मी पुढे झालो, कारण हे दुखणं माझ्या ओळखीचं होतं. आमच्या गच्चीवर कोबा झाला, केमिकल झालं, मेम्ब्रेन झालं, आणि शेवटी निघालं काय? पाणी खाली नेणाऱ्या पाइपच्या तोंडाशी पिंपळाची पानं, कबुतराची पिसं, पतंगाचा मांजा आणि चौथ्या मजल्यावरच्या मुलांचा एक टेनिस बॉल. पाण्याला जायला वाट नव्हती, म्हणून ते भिंतीतून उतरत होतं. मी विचारलं, "छपरावरून घरंगळलेलं पाणी जातं कुठे?" कोणालाच सांगता येईना. सगळ्यांनी पाणी छपरावरून घालवण्याचाच अभ्यास केला होता.

तर सांगतो. बहुतेक कन्व्हर्टिबलमध्ये छप्पर जिथे मागे दुमडतं तिथे कापडाच्या कडेखाली एक पन्हळ असते. तिच्यात उतरलेलं पाणी सीटमागच्या दोन कोपऱ्यांतल्या भोकांतून, नळीवाटे, गाडीच्या पोटाखाली पडतं. गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर पानं आणि माती त्या भोकांत जाऊन बसते. भोक बुजलं की पन्हळ भरते आणि पाणी आत गालिचावर, नाही तर दाराखालच्या पोकळ पत्र्यात शिरतं. पत्र्यात शिरलेलं जास्त वाईट, ते दिसत नाही आणि आतून गंज धरतो. आम्ही गवत कापायच्या यंत्रातली नायलॉनची जाड दोरी हळूहळू आत सरकवली. लोखंडी तार घालू नये, नळी फाटते. दोरी थोडी फिरवली, वरून कोमट पाणी ओतलं आणि गाडीखालून गुळगुळ आवाज करत काळा चिखल, मेपलची पानं आणि एका चॉकलेटचा कागद बाहेर आला. पाठोपाठ स्वच्छ पाणी. सोसायटीत एवढ्या कामाबद्दल मला आभाराचा ठराव मिळाला असता. इथे चिरंजीव म्हणाले, "बाबा, पण थेंब बघितलेत ना कसले गोल होत होते?"

रिक्षाच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मी हिला अजून दिलेलं नाही, कारण ती हसेल. कापडी छपराची गाडी कशी सांभाळावी हे आपल्या रिक्षावाल्यांइतकं कोणालाच कळत नाही. पावसाळ्याआधी तो हूडवाल्याकडे जातो, रेक्झीन विरलं असेल तर बदलतो, उसवलेली शिवण मारून घेतो, भोक दिसलं तर पंक्चरचं सोल्युशन आणि जुन्या ट्यूबचा तुकडा लावतो, दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे पडदे अडकवतो आणि धंद्याला लागतो. थेंब गोल पडतात की चौकोनी हे बघायला त्याला वेळ नसतो. त्याचं छप्पर त्याच्या पोटाचं असतं, हौसेचं नसतं. तो त्याच्याबद्दल बोलतही नाही. बोलतो ते सीएनजीच्या रांगेबद्दल.

तरीही कोणाला उघडी गाडी घ्यायचीच असेल, आणि माझ्या सांगण्याने अशी हौस जात नाही हे मी घरातच पाहिलं आहे, तर एवढं करा. औषधाच्या बाटलीआधी निचऱ्याची भोकं कुठे आहेत ते शोधा आणि पानगळीच्या दिवसांत ती साफ ठेवा. जुनी गाडी बघायला जाल तेव्हा छपराकडे बघत उभे राहू नका. मॅट उचला, सीटमागच्या गालिचावर तळहात दाबा, दारं बंद करून आतला वास घ्या. जायचं ते पाऊस पडत असताना जा. विकणारा म्हणाला, "आज पाऊस आहे, ऊन पडलं की या," तर दुसरी गाडी बघा.